‘गळणारे’ म्हणून सांगा

मेडिकलवाल्यानं विचारलं, "केस कसे आहेत?"

"कसे म्हणजे?" मी म्हटलं.

"म्हणजे ड्राय, ऑइली का नॉर्मल? त्याच्यावर शांपू राहते साहेब."

बायकोचा रक्तगट मला पाठ आहे. चपलेचं माप, चष्म्याचा नंबर, विम्याचा हप्ता कधी भरायचा, तेही पाठ आहे. पण लग्नाला इतकी वर्षं होऊन तिचे केस कोरडे आहेत की तेलकट, हे मला सांगता येत नव्हतं. मी दुकानाच्या पायऱ्या उतरलो आणि फोन लावला. अमरावती रोडवर ट्रकांची रांग लागलेली होती, त्यामुळे जरा ओरडूनच बोलावं लागलं.

"अवं, तुये केस कसे आहेत?"

पलीकडून आवाज आला, "काहून? तुमाले दिसत नाही काय?"

"तसं नाही. हा दुकानवाला विचारून राहिला. कोरडे का तेलकट?"

"गळणारे म्हणून सांगा," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

मी आत जाऊन तसंच सांगितलं. दुकानदार हसला नाही. त्यानं मान हलवली आणि काउंटरवर बाटल्या मांडायला सुरुवात केली. कांद्याचा. भृंगराजचा. बायोटिनचा. सल्फेट नसलेला. भाताच्या पाण्याचा. "गळणाऱ्यात पण प्रकार आहेत," तो म्हणाला.

मी नागपूरला लागून असलेल्या वाडीतल्या एका गोदामाचा माल सांभाळतो. साबण, शांपू, टूथपेस्ट, सगळं पेट्यांत येतं आणि पेट्यांतच जातं. शांपूच्या पेटीत बाटल्या किती, एकावर एक किती पेट्या रचल्या की खालची दबायला लागते, मुदत कुठल्या बाजूला छापलेली असते, हे मला झोपेतून उठवून विचारा. बाटलीच्या आत काय असतं, ते मात्र इतक्या वर्षांत मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी कांद्याचा शांपू घेऊन घरी आलो. का तोच घेतला, ते आजही सांगता येणार नाही. तो सगळ्यात जवळ ठेवलेला होता, एवढंच.

भर पावसाळ्यात हिला डेंगू झाला होता. दवाखान्यात रोज रक्त तपासायचे आणि मी प्लेटलेटच्या आकड्याची वाट पाहायचो. आकडा खाली गेला की माझं जेवण उतरत नसे. वर यायला लागला तसा मी माणसात आलो. आकडे ठीक झाले, ताप गेला, आम्ही घरी आलो. मी समजलो, दुखणं संपलं.

दिवाळीच्या आसपास केस गळायला लागले. आधी उशीवर, मग न्हाणीच्या जाळीत, मग कणकेत. कणकेत केस निघाला त्या दिवसापासून ती डोक्याला फडकं बांधून पोळ्या करायला लागली. हिची वेणी चांगली जाड होती. लग्नात वेणीचा गजरा कमी पडला म्हणून माझ्या बहिणीला पुन्हा बाजारात धाडावं लागलं होतं. ती वेणी आता करंगळीएवढी झाली आणि भांग रुंद होत गेला. ही जवळच्या एका शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवते. एका पोरीनं तिला वर्गात विचारलं, "मॅडम, तुमची वेणी कुठं गेली?" हिनं घरी येऊन मला ते सांगितलं आणि लगेच भाजी निवडायला बसली. मीही तिच्यासमोर बसून शेंगा मोडायला लागलो.

खरा घोर मात्र शाळेचा नव्हता. तो खाप्याचा होता.

खापा हे हिचं माहेर. कन्हान नदीच्या काठावरचं गाव, तिथे हिची आई आणि धाकटा भाऊ राहतात. भावाच्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. सगळे उपाय करून झाले होते आणि आता कोणी विषयही काढत नसे. आणि याच वर्षी भावजयीला दिवस गेले. थंडीत बाळंतपण होणार होतं. म्हणजे नामकरण होणार, आणि बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. ही एकुलती एक आत्या. या एका दिवसासाठी तिनं किती वर्षं वाट पाहिली, ते मला ठाऊक आहे. भावाच्या लग्नानंतर लगेचच तिनं पाळण्यावर टांगायची चिमणाळी विकत घेऊन ठेवली होती. ती कपाटाच्या वरच्या कप्प्यात कागदात गुंडाळून पडून होती.

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी ती आरशासमोर उभी होती. हातात कंगवा, कंगव्यात गुंता. ती म्हणाली, "मी खाप्याले जाणार नाही."

"कधी?"

"नामकरणाले."

मला आधी कळलंच नाही. मग तिनं समजावून सांगितलं. नाव सांगताना आत्या पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानात कुर्र करते, आणि मागे उभ्या असलेल्या सगळ्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. म्हणजे गावभरच्या बायका मागे, आणि त्यांच्या डोळ्यांखाली हिचं डोकं. तेही मागच्या बाजूनं, जिथे केस सर्वांत विरळ झाले होते.

मी व्यवहारी माणूस. मी म्हटलं, "मग डोक्यावर पदर घेजो. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की बोललेलं परत घेता आलं असतं तर घेतलं असतं. हिच्या माहेरी बायका डोक्यावर पदर घेत नाहीत. छप्पन साली नागपूरला दीक्षा झाली तेव्हा सासूबाई त्यांच्या आईच्या कडेवर होत्या. पुढे लग्न होऊन त्या खाप्याला आल्या. तिथल्या म्हाताऱ्या बायकांनी पदर घ्यायला सांगितलं, तेव्हा त्या नव्या नवरीनं विचारलं होतं, मान खाली घालायचं सोडलं तर मग डोकं काहून झाकायचं? ते त्या घरात अजून सांगितलं जातं. सासूबाईंच्या डोक्यावर पदर मी कधीच पाहिला नाही, अगदी भर उन्हातही नाही.

"आई जिथं उघड्या डोक्यानं उभी राहिली, तिथं मी झाकून बसू?" ही म्हणाली. "आन हे असं डोकं घेऊन उघडी बी बसणार नाही. त्याच्यापेक्षा जातच नाही. झालं."

म्हणून मी त्या शांपूच्या मागे लागलो. तोवर मला वाटत होतं की हा बाटलीचा प्रश्न आहे. योग्य बाटली सापडली की केस थांबतील, केस थांबले की ही खाप्याला जाईल. हिशेब सरळ होता.

पहिला अडथळा बाटलीवरच्या मजकुराचा. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. गोदामात बॅच नंबर वाचायला एक भिंग असतं, ते मी घरी आणलं. एका बाटलीवर समोर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, केस गळणं अमुक टक्क्यांपर्यंत कमी. 'पर्यंत' हा शब्द माझ्याकडे चालत नाही. 'तीस पेट्यांपर्यंत उतरवल्या' असं ड्रायव्हर म्हणाला तर मी सही करत नाही. शिवाय त्या टक्क्याच्या डोक्यावर एक तारा होता. ताऱ्याचा खुलासा मला बाटलीच्या मागे, अगदी बुडाशी सापडला. केस तुटल्यामुळे जी गळती होते, तिच्यापुरतंच ते होतं.

म्हणजे हिचे केस तुटतात की मुळातून गळतात, हे आधी ठरवायला हवं होतं. ते मला कुठे ठाऊक? मी तिला विचारलं. ती म्हणाली, "जातात. एवढं मले समजते."

मग मी एक पद्धत ठरवली. एका वेळी एकच शांपू. तो संपल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. गोदामातही आमचं असंच चालतं, आधी आला तो माल आधी बाहेर, नाहीतर फळीवर अर्धवट खोकी साठतात आणि कशाचा कशाला मेळ लागत नाही. तिला समजावून सांगितलं.

"तुमचं गोदाम घरात नोका आणू जी," ती म्हणाली.

"पद्धतीनं केलं नाही तर समजन कसं, कोणत्यानं फरक पडला?"

"बरं. जुना संपल्याशिवाय नवा नाही. समजलं."

मी आणखी एक केलं. ती केस विंचरायला बसली की खाली वर्तमानपत्र अंथरायचो आणि पडलेले केस मोजायचो. तिनं एक-दोनदा चालवून घेतलं. मग एका सकाळी पेपर गोळा करून सरळ कचऱ्यात टाकला.

"माये केस मोजू नका," ती म्हणाली. "माणूस आजारी असला का त्याचे श्वास मोजता काय?"

डेंगूत मी मोजले होते. पण ते मी तिला सांगितलं नाही.

तरी तेवढ्यातच माझा गोंधळ पुरता झाला होता. ज्या दिवशी ती केस धुवायची त्या दिवशी ढीगभर पडायचे, ज्या दिवशी नाही त्या दिवशी थोडेच. मला वाटलं, शांपूनंच गळतात. तिलाही तेच वाटलं, म्हणून तिनं धुणं लांबवलं. मग जेव्हा धुतले तेव्हा इतके निघाले की ती न्हाणीतून बाहेर येईना. आता, जास्त दिवसांचे साठलेले एकदम पडले, की न धुतल्यानं जास्त गळले? मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि दोन्ही बाजू बरोबर निघाल्या. आकड्यांनी मला असं पूर्वी कधी वागवलं नव्हतं.

त्यात सल्ले. शेजारच्या बाईंनी सांगितलं, बोअरचं पाणी खारं आहे, केस त्यानंच जातात. मी काही दिवस फिल्टरचं पाणी बादलीत भरून दिलं. मग लक्षात आलं की त्याच बोअरचं पाणी त्याही वापरतात आणि त्यांचा अंबाडा माझ्या मुठीएवढा आहे. कोणी म्हणालं ट्रकांची धूळ. कोणी म्हणालं तेल लावा, कोणी म्हणालं तेल तर मुळीच लावू नका. मोबाइलवर एक बाई सांगत होती की फेस येतो तो शांपू वाईट. दुसरी सांगत होती की फेस आल्याशिवाय मळ निघत नाही. कांद्याचा झाला, मग सल्फेट नसलेला आणला, मग लहान मुलांचा, कारण लहान मुलांचा म्हणजे सौम्य असणार. मध्येच खाप्याहून सासूबाईंनी शिकेकाई, रिठा आणि वाळलेले आवळे कुटून डबा भरून पाठवला. सोबत फोन.

"जावई, ते बाटलीतलं सोडा. हे उकळून लावाले सांगा तिले. आमचे केस पाहा, अजून काळे आहेत."

"तुमाले कधी डेंगू झाला होता काय?" मी विचारलं.

"आमच्या वेळी असे ताप नव्हते बाप्पा," त्या म्हणाल्या, आणि माझा प्रश्न तसाच राहिला.

डिसेंबरात मी हिला धंतोलीतल्या एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी केसांची एक बट बोटांत धरून हलकेच ओढली, भांग पाहिला, ताप कधी येऊन गेला ते विचारलं आणि म्हणाल्या, "मोठ्या तापानंतर असं होतं. ताप गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात. काही महिने गळतात, मग आपोआप थांबतात, आणि बहुतेक परत येतात. घाबरू नका."

"आणि शांपू?" मी विचारलं.

"सौम्य असा कोणताही."

"कोणताही म्हणजे कोणता?"

"डोक्याला झोंबणार नाही, खाज येणार नाही, कोंडा होणार नाही, असा. शांपूचं काम डोकं स्वच्छ ठेवायचं. गळणारा केस तो थांबवत नाही. धुवायला मात्र भिऊ नका. धुताना जो निघतो तो आधीच सुटलेला असतो."

त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. लोह कमी निघालं, थायरॉइड ठीक. लोहाच्या गोळ्या दिल्या. निघताना मी त्यांना तुटलेल्या केसांचंही विचारलं. त्या म्हणाल्या, नवीन उगवणाऱ्या केसाचं टोक निमुळतं असतं, तुटलेल्याचं बोथट. मी ते लक्षात ठेवलं.

बाहेर आल्यावर ही म्हणाली, "ऐकलं नं? थांबतात म्हणे."

"हो, पण शांपू कोणता ते त्यांनी सांगितलंच नाही."

"सांगितलं ना. कोणताही."

'कोणताही' या उत्तरानं माझं समाधान होत नाही. कोणताही चालतो, तर मग इतक्या बाटल्या बनवतात कशाला? आणि 'आपोआप थांबतात', तर मग थांबल्यावर मला कसं कळणार की ते आपोआप थांबले, गोळीनं थांबले की बाटलीनं? मी पद्धत चालूच ठेवली. फळीवर नेहमी एकच बाटली दिसायची, त्याचं मला बरं वाटायचं. घरात निदान एक गोष्ट नियमानं चाललेली होती.

जानेवारीत बाळ आलं, दिवस भरायच्या आधीच. वजन कमी, म्हणून त्याला नागपूरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं. मुलगा. ही रोज दवाखान्यात जायची, पण काचेतूनच पाहायची. नामकरण पुढे ढकललं गेलं. आधी बाळ घरी येऊ दे, मग वजन वाढू दे, मग भावजयीची तब्येत सुधारू दे. शेवटी मार्चचा शेवटचा रविवार ठरला. तोवर त्याला सगळे नुसतं 'बाबू' म्हणत होते.

दिवस ठरल्यावर भावाचा फोन आला. हिनं फोन स्पीकरवर टाकला होता.

"बाई, ये वं तू. कोणी काही म्हणत नाही."

"म्हणत नाही, पाहतात."

"आत्यानंच नाव सांगितलं पाहिजे, असं घरी सगळे म्हणून राहिले. मग एक करू काय? तू वाडीलेच राह्य, मी फोन बाबूच्या कानाले लावतो. व्हिडिओ कॉल. तू तिकडून नाव सांगून टाक."

"मी काय ठेसनावरची बाई आहो?" ही उसळली. "गाडी प्लॅटफॉर्म नंबर दोनवर येत आहे? इतक्या वर्षांनी पोट्टं झालं आन त्याले फोनवरून नाव सांगू?"

"मग ये ना."

"ठेव तू फोन," ती म्हणाली, आणि तिनंच ठेवला. मग ती आत जाऊन कपाटाच्या वरच्या कप्प्यातून चिमणाळी काढून बघत बसली. रंग थोडा उडाला होता. एका चिमणीचा दोरा तुटला होता, तो तिनं बदलला. जाणार नाही म्हणणारी बाई दोरा का बदलते, हे मी विचारलं नाही.

त्यानंतरच्या एका सुट्टीच्या सकाळी मी दाढी करायला न्हाणीत गेलो. ही तिथे उभी राहून एक बाटली अंगठ्यानं तोंड दाबून जोरजोरात हलवत होती. आदल्याच दिवशी मी आणलेला नवा शांपू पांढराशुभ्र होता. हा चहासारखा दिसत होता.

"हे काय करून राहिली?"

"जुना बुडाशी राहिला होता थोडा. विसळून याच्यात टाकला."

"नव्यात?"

"मग काय फेकू? तुम्हीच म्हणता, जुना संपल्याशिवाय नवा उघडायचा नाही. संपवला."

"संपला म्हणजे वापरून संपला पाहिजे नं!"

"वापरूनच तर राहिली."

मी टॉवेल खुंटीला लावला आणि स्टुलावर बसलो. "याच्या आधीचा, तो लहान पोरांचा, त्याच्यात काय होतं?"

"त्याच्यात तो बिनासल्फेटवाला."

"आन त्याच्यात?"

"कांद्याचा. आन आईची शिकेकाई उकळली होती, ती गाळून उरली, ती बी सांडायची कशी? ती बी त्याच्यातच."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासूनच तर. आपल्या घरी कोणती बाटली कधी विसळल्याशिवाय फेकली मी? सॉसची बी विसळतो, फिनाइलची बी विसळतो. तुमची आई तर तेलाच्या डब्याले पोळी फिरवत होती." मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "आन तुम्ही म्हणाल, एक संपेपर्यंत थांब, मग दुसरी, मग तिसरी. तिकडे पोराचं नाव राहून राहिलं, आन मी इथं बाटलीचा थेंब थेंब संपायची वाट पाहत बसू?"

मला रागही येईना आणि हसूही येईना. थंडीभर ती एकच शांपू लावत होती, आणि तो कुठल्याही दुकानात मिळत नव्हता. चारही बाटल्यांवरचे सगळे दावे एकत्र, त्यात खाप्याचे आवळे, त्यात बोअरचं पाणी. माझी सगळी पद्धत त्यात विरघळली होती. आणि ते घडलं होतं माझ्याच नियमामुळे.

"फरक पडला असला तरी आता समजणार नाही, कशानं पडला," मी म्हटलं.

"पडला काय?" तिनं विचारलं.

ती हे थट्टेनं विचारत नव्हती. बाटली फळीवर ठेवून ती माझ्यासमोर उभी राहिली. केस ओले होते. मला कळलं की तिनं स्वतः बरेच दिवस आरशात पाहिलंच नसावं. नुसती चाचपून वेणी घालत असावी. "पाहा," ती म्हणाली आणि मान खाली केली. पदरासाठी जी मान खाली जाणार नव्हती ती माझ्या भिंगासाठी गेली.

मी तिला खिडकीपाशी नेलं. भिंग धरलं. भांगाच्या दोन्ही बाजूंना आणि कपाळाशी बारीक, आखूड केस उभे होते. वेणीत न बसणारे, इकडेतिकडे गेलेले. मी एकेकाचं टोक पाहायला लागलो. काहींचं टोक निमुळतं होतं. काहींचं बोथट. काहींचं मला ठरवताच येईना. ओला केस प्रकाशात चमकतो आणि टोक कुठे संपतं ते दिसत नाही. मी जागा बदलली, पुन्हा पाहिलं. उत्तर बदललं.

"काय दिसते?"

खोटं सांगायला ती चांगली वेळ होती. पण मी ज्याच्यावर सही करतो ते मी पाहिलेलं असतं. "काही नवे आहेत," मी म्हटलं. "काही तुटके आहेत. काहींचं समजत नाही."

"नवे आहेत?"

"काही."

"नक्की?"

"काही नक्की आहेत. किती, ते नाही सांगता येत."

तिनं मान वर केली, केस पंच्यात गुंडाळले आणि म्हणाली, "तुम्ही हो म्हटलं म्हणजे असतीन. तुम्ही उगाच हो म्हणणारे माणूस नाही." आणि स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागे जाऊन पुन्हा सांगणार होतो की मी 'काही' म्हणालो, आणि मला त्यातही पूर्ण खात्री नाही. तोवर तिनं भावाला फोन लावलेला होता. "गाडीचा आवाज आला का पाणी टाक चहाचं," एवढंच ती म्हणाली.

त्या रविवारी आम्ही गाडीवरून सावनेरमार्गे खाप्याला गेलो. ऊन सुरू झालं होतं. ती डोक्याला आणि तोंडाला स्कार्फ बांधून मागे बसली होती, जसं आमच्याकडे मार्च लागला की सगळ्याच बायका बसतात. अंगणात बायका जमल्या होत्या. गाडीवरून उतरल्यावर स्कार्फ सोडायचा असतो, पण तिनं तो लगेच सोडला नाही. एका हातात चिमणाळी धरून ती उभी राहिली. मी गाडी उगाच दोनदा स्टँडवर लावली. दारात सासूबाई आल्या, पांढऱ्या पातळात, मोकळ्या डोक्यानं. त्यांनी पुढे होऊन फक्त चिमणाळी हातात घेतली, म्हणजे हिचे दोन्ही हात मोकळे झाले. हिनं स्कार्फची गाठ सोडली.

आत दोन तसबिरींसमोर मेणबत्ती लागली. त्रिशरण, पंचशील झालं. मग पाळणा. बायका मागे उभ्या राहिल्या, ही वाकली. मी भिंतीशी उभा राहून बायकांच्या नजरा पाहत होतो. कोणाची डोक्यावर जाते, कोणाची बाळावर, ते मला काही ठरवता आलं नाही.

"डेंगूतून उठली म्हणे," मागून एकजण म्हणाली. "कपाळावर नवे केस येऊन राहिले वाटते. कोणता शांपू लावता हो आत्याबाई?"

हिनं वाकल्या वाकल्या माझ्याकडे पाहिलं.

"सगळे," ही म्हणाली.

बायका हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली. "कुर्रर्र," हिनं बाळाच्या कानात सुरू केलं आणि पाठीवर धपाधप हात पडायला लागले. तिनं नाव सांगितलं. एकदा सांगून तिचं समाधान झालं नाही, पुन्हा सांगितलं. तेवढ्यात बाळानं खांद्यावरून पुढे आलेली तिची बारीक वेणी मुठीत धरली आणि ओढली. ती ओरडली, बायका आणखी हसल्या, आणि मूठ काही सुटेना. शेवटी मी पुढे जाऊन एकेक बोट उघडलं. वेणी सुटली. मुठीत काही केस राहिले.

"मोजू नका," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती हसत होती.

मी मोजले नाहीत. एक केस मात्र बोटांत धरून दाराच्या उजेडात नेला. बराच आखूड होता. टोक निमुळतं आहे की बोथट, ते नुसत्या डोळ्यांनी दिसेना, आणि भिंग वाडीला घरी, न्हाणीच्या फळीवर राहिलं होतं.